दोनशे अकरा व्होल्टची आंघोळ

सकाळी ६.१०

आर्णी. डिसेंबर. अरुणावतीच्या बाजूने गार वारा येतोय. नागपूर-तुळजापूर महामार्गावर ट्रक चालू आहेत, बाकी गाव अजून शाल पांघरूनच आहे. भाऊने मोटरसायकलच्या हँडलला पिशवी अडकवली. पिशवीत क्लॅम्प मीटर, मल्टिमीटर, टेस्टर, पक्कड, दोन पेचकस, एक हातभर केबल. आणि वायरमनच्या पिशवीत सहसा न दिसणाऱ्या दोन वस्तू: दुधाचं एक लिटरचं माप आणि काचेचं थर्मामीटर.

यवतमाळच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन तो गावात परत आला. इथे त्याला सगळे भाऊच म्हणतात. मागे बसलेला पोरगा त्याचा मदतनीस, रोजी ४५० रुपये.

एवढ्या लवकर का, असं मी विचारलं. "दुपारी गेलो तर सगळं चांगलंच दिसते जी," भाऊ म्हणाला. "सकाळी अख्खी गल्ली आंघोळीले बसते. तेव्हा पाहा लागते."

६.३०

काकूंचं घर लांबोळकं आहे. पुढे ओसरी, तिथे वीजमीटर. मग दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागच्या अंगणात बाथरूम. मीटरपासून बाथरूमपर्यंत वायर फिरत फिरत वीस मीटर जाते. बाथरूमच्या भिंतीला टेकून पऱ्हाटीचा भारा अजून रचलेला आहे. गेल्या वर्षापर्यंत चुलीवर गंजात पाणी तापायचं. कापूस निघाला की पऱ्हाटी फुकट, तुऱ्हाटीही फुकट. पण पहाटे उठून चूल पेटवायला माणूस लागतं. काकूंचे गुडघे दुखतात, म्हणून दिवाळीत गिझर घेतला. तीन लिटरचा, इन्स्टंट, तीन किलोवॅटचा.

"पानी कोमटच येते," काकू म्हणाल्या. "मेकॅनिक येऊन पाहून गेला. म्हणे गिझर चांगला हाय. आता शेजारचे म्हणतात, साडेचार किलोवॅटचा मोठा घ्या."

भाऊने मान हलवली. आधी मोजू म्हणाला.

६.४५

ओसरीतल्या मीटरवर पहिलं मोजमाप. घरातलं सगळं बंद. मल्टिमीटरच्या दोन सळया फेजला आणि न्यूट्रलला. आकडा २२६. भाऊने वहीत लिहिला, बाजूला वेळ लिहिली.

आता बाथरूम. त्याने आपली हातभर केबल काढली. एका टोकाला सोळा अँपिअरचा प्लग, दुसऱ्या टोकाला सॉकेट. मधलं वरचं आवरण सोलून काढलंय, आतल्या तिन्ही वायरी सुट्या केल्यात. ही त्याने स्वतः बनवलेली. कारण क्लॅम्प मीटरचा चिमटा एकाच वायरीभोवती लागला पाहिजे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही चिमट्यात आल्या तर जाणारा करंट आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात, मीटर शून्य दाखवतं. केबल सॉकेट आणि गिझरच्या मधे जोडली. चिमटा फेजला लावला.

"काकू, नळ सोडा."

गिझर लागला. क्लॅम्पवर १२.०. पाच-सहा सेकंद थांबून त्याने पुन्हा पाहिलं, तेच. गिझरच्या तोंडाशी व्होल्टेज २११.५. पोरगा ओसरीतून ओरडला, "भाऊ, इथं दोनशे वीस पॉइंट सात!"

तीन आकडे वहीत एकाखाली एक बसले. लोड नसताना मीटरवर २२६. लोड लागल्यावर मीटरवर २२०.७. गिझरवर २११.५.

म्हणजे खांबापासून मीटरपर्यंतच्या सर्व्हिस वायरीत ५.३ व्होल्ट गेले. मीटरपासून बाथरूमपर्यंत, घरातल्या घरात, ९.२ गेले. वीज निघाली तेवढी पोहोचत नाही, वाटेत वायरीलाच गरम करत येते.

७.००

गुणाकार भाऊने तोंडी केला. २११.५ गुणिले १२. साधारण २५४०. गिझरवर छापलंय ३०००.

गिझरचं कॉइल चांगलं आहे. तीन हजार वॅट हा आकडा २३० व्होल्टसाठी आहे. कॉइलचा विरोध तोच राहतो, साडेसतरा-अठरा ओहम. व्होल्टेज कमी झालं की करंटही कमी होतो, आणि पॉवर म्हणजे या दोघांचा गुणाकार. त्यामुळे मार दुहेरी बसतो. व्होल्टेज आठ टक्के पडलं तर गरमाई पंधरा टक्के पडते. मेकॅनिक खरंच बोलला होता.

खात्री करायची दुसरी रीतही भाऊकडे आहे. वीजमीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो. या मीटरवर लिहिलंय, १६०० वेळा लुकलुकला की एक युनिट. पोराने मोबाइलवर एक मिनिट लावला आणि मोजले. एकाहत्तर. एकाहत्तर गुणिले साठ, भागिले सोळाशे. २.६६ किलोवॅट. मीटरवरचे २२०.७ व्होल्ट आणि बारा अँपिअर यांचा गुणाकारही २६५० च्या आसपास येतो. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं. हे झाल्यावरच भाऊने आकड्यांखाली रेघ मारली.

यातले २५४० वॅट पाण्यात जातात. शंभर-एकशे दहा घरातल्या वायरीत जातात, आणि त्यांचं बिल काकू भरतात. खांब ते मीटर जे जातं ते मीटरच्या आधीच जातं. त्याचं बिल येत नाही, पण पाणी तेवढं थंड येतं.

७.१०

आता माप आणि थर्मामीटर. टाकीचं पाणी १८ अंश. माप नळाखाली धरलं. तीस सेकंदांत भरलं, म्हणजे मिनिटाला दोन लिटर. गरम पाण्यात थर्मामीटर बुडवलं, ३६.

अठरा अंशांची वाढ. हिशोब जुळतो. अडीच किलोवॅटमध्ये मिनिटाला दोन लिटर पाणी अठरा अंशच चढतं. पूर्ण तीन किलोवॅट मिळाले असते तर साडेएकवीस चढलं असतं. छत्तीस अंशांचं पाणी अंगावर घेतलं की डिसेंबरात हुडहुडी भरते. चाळिशीला पोहोचलं की माणूस दोन तांबे जास्त घेतो.

भाऊने नळ थोडा आवळला. माप चाळीस सेकंदांत भरलं. थर्मामीटर चढत चढत बेचाळिसावर गेलं.

"हा पहिला उपाय. फुकट."

काकूंनी धारेकडे पाहिलं. "एवढ्या धारेनं केस कधी धुवायचे बाप्पा?"

बरोबर आहे. केसांना लागणारं पाणी वीजदाबाप्रमाणे कमी होत नाही. बादली भरून घ्यायची म्हटलं तरी पंधरा लिटरला दहा मिनिटं थांबावं लागेल.

७.२५

भाऊने सॉकेटला हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श केला. मग मला म्हणाला, "लावून पाहा." कोमट नव्हतं, चांगलं गरम होतं. पांढरं प्लास्टिक न्यूट्रलच्या भोकापाशी पिवळं पडलेलं.

पायात रबरी चप्पल, खाली लाकडी पाट, हातात मोजे. त्याने पुढची पट्टी उघडली. गिझर चालूच ठेवला, कारण बंद केल्यावर यातलं काही दिसत नाही. एक सळई मागच्या स्क्रूवर आलेल्या वायरीला, दुसरी प्लगच्या पिनेच्या उघड्या कडेला. फेजच्या बाजूला ०.२ व्होल्ट. न्यूट्रलच्या बाजूला २.८.

अर्ध्या इंचात तीन व्होल्ट. मला वाटलं, तीन व्होल्ट म्हणजे घड्याळातले दोन सेल. भाऊने गुणाकार करून दाखवला. तीन गुणिले बारा, छत्तीस वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग द्यायची कावी पंचवीस-पस्तीस वॅटची असते. तेवढी कावी या प्लास्टिकच्या पोटात रोज सकाळी अर्धा तास पेटलेली.

स्क्रू ढिला होता. ढिला सांधा तापतो, तापला की फुगतो, थंड झाला की आणखी ढिला होतो. उद्या तो आजच्यापेक्षा जास्त तापतो. बाकीचे सहा-सव्वासहा व्होल्ट वायरीत जात होते. भाऊने वायर बघताच सांगितलं, दीडची आहे, म्हणजे दीड स्क्वेअर एमएमची. दिव्यांची वायर. स्वयंपाकघराच्या बोर्डातून पुढे ओढून इथे सोळा अँपिअरचं सॉकेट बसवलं होतं. दीडच्या तांब्याच्या वायरीचा विरोध मीटरमागे तेरा मिलिओहमच्या थोडा वर. वीस मीटर जायचं, वीस मीटर यायचं. चाळीस मीटरचा होतो अर्ध्या ओहमच्या थोडा वर. बारा अँपिअरला सव्वासहा व्होल्ट. आकडा पुन्हा जागेवर बसला.

यावर साडेचार किलोवॅटचा गिझर लावला असता तर?

"एकोणीस-वीस अँपिअर," भाऊ म्हणाला आणि मेन स्विच खाली केला.

७.५०

चहा. काकूंचा मुलगा बाहेर आला. त्याला एकच विचारायचं होतं, वायर बदलल्यावर बिल किती कमी होईल?

भाऊने खरं सांगितलं. चार माणसं, प्रत्येकी आठ मिनिटं, दिवसाला अर्धा तास. एकशे दहा वॅट वाया जातात, अर्ध्या तासाचे, महिन्याचे दीड-पावणेदोन युनिट. पंधरा-वीस रुपये. वायरीला चार हजार लागतील. बिलातून ते पैसे कधीच निघणार नाहीत. पाणी तापवायला लागणारे महिन्याचे चाळीस-बेचाळीस युनिट लागणारच. पंधरा लिटर पाणी बावीस अंश चढवायला एका युनिटाच्या चार आण्यांहून जास्त, आठ आण्यांहून कमी वीज जाते. गिझरने तापवा, रॉडने तापवा, तेवढीच जाते. या घराचं बिल पूर्वी नव्वद युनिटांचं होतं, आता एकशे तीसच्या वर गेलं. शंभरच्या वरच्या युनिटांना दर जवळजवळ दुप्पट लागतो. बिल वाढलं ते यामुळे.

"मंग वायर कायले बदलायची?"

भाऊने ते पिवळं सॉकेट त्याच्या हातात ठेवलं. अजून गरम होतं.

मला या माणसाचं हे वागणं फार मोलाचं वाटलं. बिल अर्धं होईल असं सांगून काम मिळवणं सोपं होतं. वायर विकायची तर बिल दाखवतात, जळलेलं सॉकेट कोण दाखवतं?

९.३०

दुकान. तांब्याचा भाव चढला की वायरीचा भाव चढतो, त्यामुळे इथे कालचा भाव आज चालत नाही. चारची वायर मीटरला ६५ रुपये. बेचाळीस मीटर, २७३० रुपये. अर्थिंगला अडीचची, एकवीस मीटर, ४० प्रमाणे ८४०. वीस अँपिअरची एमसीबी १९०. नवं सॉकेट आणि स्विच २६०. पाइप, क्लिपा, टेप मिळून १८०. एकूण ४२००.

अडीचची वायर चालली असती, हजारभर रुपये वाचले असते. भाऊने चारची घेतली. वीस मीटरचं अंतर आहे आणि पुढे मोठा गिझर येणारच नाही असं कोणी सांगावं. तीस मिलिअँपिअरची आरसीसीबीही बसवावी असं त्याने काकूंच्या मुलाला फोनवर सांगितलं. ओल्या अंगाने विजेजवळ उभं राहायचं असतं, आणि करंट अंगातून जाऊ लागला तर ती क्षणात लाइन तोडते. किंमत ऐकून पलीकडून उत्तर आलं, पुढच्या वर्षी पाहू.

माल उधारीवर घेतला. दुकानदाराने वही पुढे केली, भाऊने सही केली.

१०.४५

मधेच एक छोटं काम. भाड्याची खोली, दोन पोरं राहतात, कॉलेजला जातात. त्यांनी गरम पाण्याचा नळ घेतलाय, हजारभर रुपयांचा, सोबत छोटा शॉवर. नळातच कॉइल. नळाच्या पोटावर लिहिलंय ३००० वॅट, २२० व्होल्ट. खोलीत सॉकेट सहा अँपिअरचं. सोळाचा मोठा प्लग त्यात जात नाही, म्हणून मधे अ‍ॅडॅप्टर.

भाऊने दोन मिनिटांसाठीच चालू केला. बोर्डावर २२८ होते, ते २२१.५ झाले. नळाशी २०९.६. तेरा अँपिअर. बारा व्होल्ट खोलीतल्या खोलीत गेले. त्यातले चार एकट्या अ‍ॅडॅप्टरमध्ये. पन्नास वॅट. दोन मिनिटांत वास सुटला.

मग टेस्ट लॅम्प काढला. फेज आणि अर्थिंगच्या मधे लावला. दिवा लागला नाही. अर्थिंगचं भोक आहे, मागे वायरच नाही.

असे विजेचे शॉवर ब्राझीलमध्ये घरोघरी आहेत, साडेपाच किलोवॅटचे. इंग्लंडमध्ये तर आठ ते दहा किलोवॅटचे. पण तिथे एकट्या शॉवरसाठी बोर्डापासून वेगळी वायर ओढतात. इंग्लंडमध्ये बहुधा दहा स्क्वेअर एमएमची, काकूंच्या नव्या वायरीच्या अडीचपट जाड. आर्णीला नळ आला. त्याच्यामागची वायर भिंतीत जुनीच आहे, एकची.

भाऊने अ‍ॅडॅप्टर काढून खिशात टाकला. पोरांचे चेहरे पडले. हजार वॅटचा आयएसआयचा रॉड घ्या म्हणाला. सव्वाचार अँपिअर घेतो, सहाच्या सॉकेटला झेपतो. बादली तेवीस-चोवीस मिनिटांत तापेल. बटण बंद करून, प्लग काढून मगच पाण्याला हात लावायचा. आणि त्याआधी घरमालकाकडून अर्थिंग करून घ्यायचं, मालकाला फोन भाऊ स्वतः करेल. घेतले १५० रुपये.

दुपारी १.००

घरी जेवण. भाकर, तुरीच्या सोल्यांची आमटी, मिरचीचा ठेचा. वीस मिनिटं आडवा झाला.

२.००

खरं अंगमेहनतीचं काम आता. जुना पाइप भिंतीत आहे, पण त्यात चारच्या दोन आणि अडीचची एक मावत नाही. म्हणून वरून नवा पाइप. पोरगा शिडीवर, भाऊ खाली. भिंत मातीच्या जुडाईची, ड्रिल लावलं की भोक मोठं होतं आणि गिट्टी भसकन खाली येते. प्रत्येक क्लिपेला लाकडाची खुंटी ठोकावी लागली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाइप वाकवायला स्प्रिंग घातली. मग ओढायची स्टीलची तार आत सरकवली. पोरगा एका टोकाला ढकलतोय, भाऊ दुसऱ्या टोकाला ओढतोय. "सोड... थांब... सोड." मधे एकदा वायर अडकली. पाच मीटर मागे घेऊन, टोकाला टेप गुंडाळून पुन्हा घातली.

मधे जोड कुठेच ठेवला नाही. बोर्ड ते सॉकेट अखंड वायर. पैसे वाचवायला लोक जुन्याला नवी जोडतात, आणि मग तो जोडच पुढच्या वर्षी तापतो. टोकं सोलली, पीळ घातला, दुमडली, स्क्रू आवळला. मग वायर ओढून पाहिली. पुन्हा आवळला. पोराला सांगितलं, उद्या येता-जाता एकदा अजून आवळून जा. तांबं दाबाखाली थोडं बसतं.

काकू कापूस वेचणाऱ्या बायांचा हिशोब करत ओसरीत बसल्या होत्या. किलोमागे किती, कोणी किती वेचला. अधूनमधून वर पाहायच्या, धूळ किती पडली ते.

५.१५

मोजणी. लोडाशिवाय २३०. दुपार कलली की सगळं चांगलं दिसतं, भाऊ सकाळीच म्हणाला होता. गिझर चालू. मीटरवर २२४.४. गिझरवर २२१.७. करंट १२.६.

काकूंचा मुलगा खूश झाला. दोनशे अकराचे दोनशे एकवीस झाले! भाऊने थांबवलं. सकाळची लाइन वेगळी, आताची वेगळी. त्या दोन आकड्यांची तुलना करायची नाही. फरक पाहायचा. सकाळी मीटर ते गिझर फरक होता ९.२. आता २.७. आपलं काम तेवढंच.

दहा मिनिटं गिझर चालू ठेवून सॉकेटला हात लावला. थंड. फेज ते अर्थ टेस्ट लॅम्प लावला. लख्ख पेटला.

संध्याकाळी ७.२०

भाऊ परत आला. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. आता गावात दिवे, टीव्ही, गिरण्या, सगळं एकदम चालू. ओसरीत सळया लावल्या. लोडाशिवाय २२०. गिझर लावल्यावर मीटरवर २१४.७, गिझरवर २१२.

नवी वायर, नवं सॉकेट, चार हजार खर्च, आणि गिझरवर सकाळचाच आकडा. जुनी वायर असती तर आता दोनशे सहा आले असते, भाऊने सांगितलं. पण मीटरच्या पलीकडे तो हात लावू शकत नाही. ती बाजू वीज कार्यालयाची.

मीटरपाशी २३० व्होल्टच्या वर-खाली सहा टक्के चालतात. म्हणजे २१६ ते २४४. सकाळचे २२०.७ नियमात होते, तक्रार करता आली नसती. आताचे २१४.७ नियमाच्या खाली आहेत. भाऊने वहीतलं पान फाडलं, तारीख, वेळ, लोड आणि दोन्ही आकडे स्वच्छ अक्षरात लिहिले आणि काकूंच्या मुलाला दिलं. "अर्जाले हे जोडा. 'व्होल्टेज कमी हाय' एवढंच लिहू नका. सर्व्हिस वायर जाड मागा, आणि खांबावरचा जोड तपासून द्या म्हणा." एमसीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने दुपारचे आकडे लिहिले, पुढे येणाऱ्या वायरमनसाठी.

८.००

हिशोब. माल ४२००, मजुरी १२००. एकूण ५४००. काकूंनी आतून ३००० आणून दिले.

"बाकी कापूस मोजला का देतो, भाऊ."

"देजा काकू, काही घाई नाही."

दुकान बंद व्हायच्या आत भाऊने २५०० जमा केले, १७०० मांडून राहिले. पोराचे ४५० दिले. पेट्रोलचे ८०. सकाळच्या नळाचे दीडशे धरून खिशात १२० उरले. मोबाइल वाजला. बसस्टँडच्या मागचं घर, गिझर वारंवार ट्रिप मारतोय. भाऊने विचारलं, आंघोळीला किती वाजता लागता? पलीकडून वेळ आली. मग तो पोराला म्हणाला, उद्या पावणेसहाला.